मालवाहू जहाज क्षेपणास्त्रांच्या मागावर कसं गेलं? ‘हैती व्हिक्टरी’ची हकिकत

प्रश्न असा आहे: “क्षेपणास्त्रांचा माग काढणारं आपलं ‘ध्रुव’ आणि श्रीलंकेत हंबनटोटाला आलेलं तसलंच चिनी ‘युआन वांग ५’ या जहाजांबद्दल वाचलं. पूर्वी अशी जहाजं जुनी मालवाहू जहाजं बदलून बनवत, हे खरं का? एखाद्या जहाजाची हकिकत सांगता येईल का?”

‘ध्रुव’ आणि ‘युआन वांग’ यांच्याबाबतीत तसं नाही. दोन्ही मुळातच या कामासाठी बांधलेली आहेत. ‘ध्रुव’ विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये बांधलं आणि १० सप्टेंबर २०२१ ला नौदलात दाखल झालं. पण तुम्ही ऐकलंत ते पहिल्या पिढीबद्दल अगदी खरं आहे. मी मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होतो. जुन्या जहाजांच्या नोंदी वाचत बसणं हा निवृत्तीनंतरचा उद्योग. त्यातलं माझं सगळ्यात आवडतं जहाज म्हणजे अमेरिकेचं ‘हैती व्हिक्टरी’.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मालवाहू जहाजं अक्षरशः घाण्यातून काढल्यासारखी काढली. आधी ‘लिबर्टी’ प्रकारची, सत्तावीसशेच्या वर. ती ११ नॉटने (ताशी ११ सागरी मैल) रखडत जायची. मग १९४४ पासून ‘व्हिक्टरी’ प्रकारची, पाचशेहून थोडी जास्त. लांबी ४५५ फूट, आत स्टीम टर्बाइन, वेग १५ ते १७ नॉट. पहिल्या व्हिक्टरी जहाजांना मित्रराष्ट्रांची नावं दिली होती आणि हैतीही त्यांत होता, म्हणून हे नाव. कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या गोदीतून १९४४ च्या जुलैत ते पाण्यात उतरलं. युद्ध संपल्यावर १९५० मध्ये नौदलाच्या वाहतूक सेवेकडे गेलं आणि सैन्याचं सामान वाहू लागलं. खलाशी मात्र मुलकी.

या काळात त्याचं नाव एकदाच गाजलं, तेही वाईट कारणाने. ६ मे १९५३ ला हूक ऑफ हॉलंडहून इंग्लंडमधल्या हारविचला येणाऱ्या ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ या ब्रिटिश प्रवासी बोटीला त्याची धडक बसली. बोटीचा नाळेकडचा, म्हणजे पुढचा भाग तुटून वेगळाच झाला, काही प्रवासी दगावले. उरलेली बोट ओढत बंदरात आणली आणि नवी नाळ बसवून ती पुन्हा चालू केली.

मग १९५८ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरात क्षेपणास्त्र चाचणीचा पल्ला (चाचणीसाठी राखलेला टापू) आखला, मुख्य ठाणं कॅलिफोर्नियातलं पॉइंट मुगू. जहाजांची गरज पडली ती इथे. रडार सरळ रेषेत बघतं आणि पृथ्वी गोल आहे. रॉकेट १०० किलोमीटर उंचीवर असलं, तरी अकराशे किलोमीटरच्या पलीकडून ते क्षितिजाखालीच राहतं. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्ग तळापासून प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन प्रवाळबेटापर्यंत साडेसात हजार किलोमीटरांहून जास्त अंतर आहे आणि मधे बहुतेक सगळं पाणीच. पाण्यावर ठाणं उभारायचं तर ते तरंगतंच हवं.

त्यासाठी मालवाहू जहाजच का? एक तर ती स्वस्तात उपलब्ध होती, युद्धानंतर शेकडो नुसती बांधून ठेवलेली होती. दुसरं म्हणजे त्यांच्या पोटात जागा प्रचंड. ज्या होल्डमध्ये (माल भरायच्या कोठारात) पूर्वी पेट्या आणि पिंपं भरायची, तिथे जनरेटर, वातानुकूलन यंत्रं, टेपरेकॉर्डरची कपाटं आणि जादा माणसांच्या झोपायच्या खोल्या करता येतात. वर डेकवर अँटेना. पण माल उतरवून वर अँटेना चढवल्या की जहाज डोक्याकडून जड होतं. म्हणून तळात कायमचं वजन टाकावं लागतं, आपल्या कोकणातले जुने तांडेल ज्याला नीरम म्हणत तेच. लोकांना अँटेना दिसतात, नीरम कुणाला दिसत नाही!

काम दोन प्रकारचं. टेलिमेट्री म्हणजे क्षेपणास्त्र स्वतःच दाब, तापमान, इंधनाची स्थिती रेडिओवरून सांगत असतं, ते ऐकून टेपवर उतरवायचं. हे त्यातल्या त्यात सोपं. रडारने माग काढणं मात्र अवघड, कारण रडार सांगतं ते ‘माझ्यापासून’ किती दूर आणि कुठल्या कोनात. तो ‘मी’ इथे सतत डोलतोय, सरकतोय. डोलण्याचा हिशेब जायरोस्कोप करतात, पण जहाज नेमकं कुठे आहे हे कोण सांगणार? जीपीएसच्या आधीचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना आठवत असेल. दोन दिवस आभाळ भरलेलं राहिलं, सेक्स्टंटला (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून जहाजाची जागा काढायच्या उपकरणाला) ना सूर्य मिळाला ना तारा, की सेकंड मेट नकाशावर पेन्सिलने जो बिंदू काढायचा तो पाच-सहा मैल इकडेतिकडे असू शकायचा. आमच्यासारख्या माल वाहणाऱ्यांना भर समुद्रात त्याचं काही वाटायचं नाही. माग काढणाऱ्या जहाजाचा हिशेब मात्र तिथेच फसतो. जहाजाची जागा जितकी चुकली, तितकीच क्षेपणास्त्राचीही चुकणार.

आता मूळ हकिकत. ऑगस्ट १९६० पर्यंत ‘हैती व्हिक्टरी’ कागदोपत्री मालवाहूच होतं, पण काम बदललेलं होतं. हवाई बेटांजवळ ते ‘डिस्कव्हरर’ उपग्रहांच्या कुप्या झेलायच्या ताफ्यात होतं. योजना अशी की उपग्रहातून कुपी सुटेल, पॅराशूटने खाली येईल आणि मागे आकडे सोडून उडणारं सी-११९ विमान ती हवेतच अडकवेल. जहाजं आपली खाली, चुकून पाण्यात पडलीच तर म्हणून. आधीच्या बारा खेपांत एकही कुपी परत मिळाली नव्हती. १० ऑगस्टला ‘डिस्कव्हरर १३’ गेला. दुसऱ्या दिवशी सतराव्या फेरीला कुपी सुटली, विमानाच्या हाती लागली नाही आणि होनोलुलूच्या वायव्येला साधारण ३३० मैलांवर समुद्रात पडली. ‘हैती व्हिक्टरी’वरून हेलिकॉप्टर गेलं, एक पाणबुड्या खाली उतरला आणि कुपी जहाजावर आली. पृथ्वीभोवती फिरून सुखरूप माणसाच्या हाती परत आलेली ही पहिली मानवनिर्मित वस्तू. ‘राखीव’ म्हणून उभं केलेल्या सोळा वर्षं जुन्या मालवाहूने ती मिळवली, याची मला अजूनही गंमत वाटते. आत होता अमेरिकेचा झेंडा. १५ ऑगस्टला तो राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना दिला. कुपी आता स्मिथ्सोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे.

‘वैज्ञानिक उपग्रह’ ही बतावणी होती. खरा प्रकल्प ‘कॉरोना’, म्हणजे आकाशातून सोव्हिएत प्रदेशाचे फोटो काढण्याचा, आणि तो १९९५ मध्ये उघड झाला. आठवडाभरात ‘डिस्कव्हरर १४’ गेला, या वेळी कॅमेऱ्यासकट. १९ ऑगस्टला विमानाने त्याची कुपी हवेतच पकडली. त्या एका फिल्मवर यू-२ या अमेरिकी हेरविमानाच्या आधीच्या सगळ्या उड्डाणांपेक्षा जास्त सोव्हिएत भूभाग होता. त्याच दिवशी मॉस्कोत यू-२ चा वैमानिक गॅरी पॉवर्स याला शिक्षा सुनावली जात होती!

त्या नोव्हेंबरात जहाजाचं बारसं पुन्हा झालं. ‘हैती व्हिक्टरी’चं ‘लाँगव्ह्यू’ झालं आणि वर्गही बदलला: क्षेपणास्त्र पल्ल्याचं उपकरण-जहाज, क्रमांक ३. ‘डाल्टन व्हिक्टरी’ झालं ‘सनीवेल’, ‘प्रायव्हेट जो ई. मॅन’ झालं ‘रिचफील्ड’. हे शेवटचं जुनं नाव गेलं याचं जरा वाईट वाटतं. जो मॅन हा १९४४ मध्ये हॉलंडमध्ये मारला गेलेला, मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला साधा शिपाई होता. पुढची वर्षं या जहाजांनी पॅसिफिकमध्ये ठरल्या जागी जाऊन थांबायचं, पाच-दहा मिनिटं काम करायचं आणि परत यायचं, एवढंच केलं.

अशीच बदललेली मालवाहू जहाजं अवकाशयात्रींसाठीही वापरली. ‘कोस्टल सेंट्री’ फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकी अवकाशयात्री जॉन ग्लेनच्या उड्डाणाच्या वेळी हिंदी महासागरात उभं होतं. मार्च १९६६ मध्ये जेमिनी ८ हे अवकाशयान गरगरायला लागलं, तेव्हा नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट जमिनीवरच्या सगळ्या ठाण्यांच्या टप्प्याबाहेर होते. पश्चिम पॅसिफिकमधल्या याच ‘कोस्टल सेंट्री’च्या टप्प्यात यान आलं आणि “आम्ही अडचणीत आहोत, गोल गोल फिरतोय” अशा अर्थाचा स्कॉटचा निरोप सर्वांत आधी त्या जहाजाने ऐकला. रेडिओ ऑफिसर म्हणून सांगतो, अशा वेळी हेडफोन लावून बसलेल्या माणसाची जागा मला नको होती.

ही जहाजं म्हणजे हेरगिरी का, असंही कुणी विचारतं. आपलं क्षेपणास्त्र मोजणारी अँटेना दुसऱ्याचंही मोजते, तिला झेंडा कळत नाही. सोव्हिएत संघानेही १९५९ मध्ये पोलंडमध्ये बांधलेली मालवाहू जहाजं बदलून ‘सिबीर’, ‘सखालीन’, ‘सुचान’ आणि ‘चुकोत्का’ ही चार जहाजं पॅसिफिकमध्ये आणली होती. जानेवारी १९६० मध्ये त्यांचं रॉकेट मध्य पॅसिफिकमध्ये पडलं तेव्हा ती तिथे हजर होती. जगाला सांगितलं होतं की ही जलसर्वेक्षणाची मोहीम आहे.