मालक बदलले, कलम 4 तिथेच आहे

प्रश्न: आमची कंपनी विकायची बोलणी चालू आहेत. आमच्या सॉफ्टवेअरला मायएसक्यूएल या डेटाबेसची क्लायंट लायब्ररी (डेटाबेसशी बोलणारा तयार कोड) जोडलेली आहे. ते आम्ही ग्राहकांच्या संगणकांवर बसवून देतो. सोर्स कोड कधी दिला नाही, विकतचा परवानाही घेतला नाही. आता खरेदीदाराचे वकील परवाना मागताहेत. मायएसक्यूएलची आताची मालक ऑरॅकल हिने सन ही आधीची मालक कंपनी विकत घेताना, 2009 मध्ये, मायएसक्यूएलबाबत दिलेली वचनं कामी येतील का? की मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबी या डेटाबेसवर जावं?

उत्तर: वचनं विसरा. सनच्या खरेदीचा व्यवहार पुरा झाल्यापासून 5 वर्षांपुरतीच ती होती आणि तो व्यवहार जानेवारी 2010 मध्ये पुरा झाला. सोर्स झाकून फुकट वापरायची मुभा त्यांत तेव्हाही नव्हती.

मायएसक्यूएल एबी ही स्वीडिश कंपनी मोठी झाली तीच दुहेरी परवान्यावर: सोर्स खुला करणाऱ्याला जीपीएल (सोर्सही द्यायची अट घालणारा फुकट परवाना), झाकून ठेवणाऱ्याला विकतचा. सनने 2008 मध्ये ती घेताना साधारण 1 अब्ज डॉलर मोजले ते, माझ्या मते, बरेचसे तिच्या कोडच्या कॉपीराइटसाठीच.

तुमचं घोडं पेंड खातंय ते जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या कलम 4 वर. अटी मोडून वितरण केलं की हक्क आपोआप संपतात. नोटीस लागत नाही, चूक सुधारायला मुदतही मिळत नाही. तिसऱ्या आवृत्तीत पहिल्या चुकीला नोटिशीनंतर 30 दिवस मिळतात, पण मायएसक्यूएल दुसरीवरच आहे. आवृत्ती 4.0 मध्ये लायब्ररी एलजीपीएलवरून (हा सैल परवाना: लायब्ररी जोडली तरी स्वतःचा सोर्स झाकून ठेवता येतो) जीपीएलवर आली, तेव्हा परवाना वाचायला दहा मिनिटं लागली असती.

नुसतं जोडल्याने तुमचा कोड जीपीएलखाली येतोच, असं मी छातीठोक सांगणार नाही. मायएसक्यूएल एबी आणि मायएसक्यूएलला आपला कोड जोडून विकणारी न्यूस्फिअर ही कंपनी याच वादावर मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयात भांडले. 2002 मध्ये मायएसक्यूएल एबीला ट्रेडमार्कपुरती मनाई मिळाली, जीपीएलवर मिळाली नाही. पुढे तडजोड झाली आणि प्रश्न लोंबकळतच राहिला. मात्र न्यूस्फिअरने तोवर सोर्स खुला केला होता. तुम्ही केलेला नाही.

मारियाडीबीचा सर्व्हरही जीपीएलवरच आहे, पण तिची सी भाषेतली क्लायंट लायब्ररी एलजीपीएलवर आहे. ती लावून घ्या. त्याने पुढचं वितरण सावरेल, मागचं नाही. मागच्यासाठी ऑरॅकलकडून विकतचा परवाना मागा आणि जुन्या वितरणावरचा दावा सोडल्याचं त्यात लिहून घ्या. किती मागतील, ते तुमच्या प्रतींच्या संख्येवर ठरेल. हे होईपर्यंत विक्री करारातल्या ‘कोणाच्याही हक्कांचा भंग केलेला नाही’ या हमीवर सही करू नका. खरेदीदार घाई करत असेल, तर ही बाब अपवाद म्हणून करारात लेखी नोंदवा.