एलसीच्या इन्व्हॉइसमधली कपात: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: इचलकरंजीहून बांगलादेशला सूत पाठवलं. एलसीत (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी) ४०,००० किलो, भाव अडीच डॉलर आणि '२ टक्के कमिशन इन्व्हॉइसमधून वजा करावं' अशी अट. आम्ही सरळ २.४५ भाव लावून ९८,००० डॉलरचं इन्व्हॉइस केलं, बँकेने डिस्क्रेपन्सी (कागद एलसीशी जुळत नाही अशी चूक) काढली. रक्कम तर तीच होते ना?

रक्कम तीच होते हो, पण बँक नुसती बेरीज बघत नाही, कागद एलसीशी ताडून बघते. एलसीत भाव दिलाय म्हणजे तो इन्व्हॉइसवर तसाच यायला हवा आणि मागितलेली कपातही दिसायला हवी, आयएसबीपी ७४५ मध्ये (एलसीचे कागद कसे तपासायचे याची आंतरराष्ट्रीय पद्धत) हे स्पष्ट आहे, आणि तुमच्या कागदावर दोन्ही नाही. ४०,००० गुणिले २.५० म्हणजे १,००,०००, खाली 'वजा कमिशन २ टक्के' २,०००, त्याखाली नेट ९८,०००, आणि हुंडीही (बँकेकडे पैसे मागायचा कागद) ९८,०००ची, असं हवं होतं. एलसीची मुदत आणि कागद द्यायचे दिवस शिल्लक असतील तर आजच नवीन इन्व्हॉइस द्या, भांडत बसू नका. आणि शिपिंग बिलात (कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या कागदात) ते २,००० कमिशनच्या रकान्यात टाकलेत का तेही बघा, नाहीतर पूर्ण लाखाची नोंद झालेली असेल तर ईडीपीएमएसमध्ये (निर्यातीचे पैसे आले का यावर नजर ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत) तेवढे येणे बाकी दिसत राहतील.

प्रश्न: एलसीत कपातीबद्दल अवाक्षर नाही, पण आम्हाला थोडा ॲडव्हान्स आधीच आलाय. तो वजा दाखवला तर चालेल?

चालेल. ॲडव्हान्स असो की डिस्काउंट, एलसीत नसला तरी वजा दाखवता येतो, हेही आयएसबीपीतच आहे. बरेच जण उगाच घाबरवतात. फक्त किलोचा भाव तसाच ठेवा आणि कपात वेगळ्या ओळीत दाखवा. उलटं मात्र करू नका, म्हणजे सीएफआर भाव (तिकडच्या बंदरापर्यंतचं भाडं धरून) ठरलाय आणि खाली डॉक्युमेंटेशन चार्जेस वेगळे लावलेत, ते नाही चालत, असले खर्च भावातच धरायचे असतात.

प्रश्न: नवीन काउंटचे (सुताच्या जाडीचे) दोन कोन सॅम्पल म्हणून फुकट पाठवले, इन्व्हॉइसवर 'फ्री ऑफ चार्ज' लिहिलं. त्यावरही डिस्क्रेपन्सी?

हो, आणि बँक बरोबर आहे. एलसीत न मागितलेला माल इन्व्हॉइसवर नको, फुकट असला तरी. सॅम्पल कुरिअरने, वेगळ्या कागदांवर पाठवा.

प्रश्न: सुताचे भाव पडले, आता खरेदीदार म्हणतो कागदात चूक आहे, ४ टक्के सोडा तरच स्वीकारतो. काय करू?

लगेच हो म्हणू नका. आधी आपल्या बँकेकडून कागद नाकारल्याचा स्विफ्ट मेसेज (बँकांमधला अधिकृत संदेश) मागवा आणि तारीख बघा. यूसीपी ६०० च्या (एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या) कलम १६ प्रमाणे एलसी उघडणाऱ्या बँकेला कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून पाचव्या बँकिंग दिवसापर्यंत नकार कळवावा लागतो, एकाच नोटिशीत, सगळ्या चुका सांगून. आज एक काढली, पुढच्या आठवड्यात दुसरी, असं चालत नाही. नोटीस उशिरा आली असेल, किंवा 'डिस्क्रेपंट' एवढंच म्हटलंय पण चूक कुठली ते लिहिलंच नाहीये, तर चूक खरी असली तरी त्या बँकेला पैसे द्यावेच लागतात आणि खरेदीदाराच्या ४ टक्क्यांशी तिचा काही संबंध नाही. नोटीस वेळेत आणि चूकही खरी असेल, तर मग घासाघीस करा, कारण माल तिकडच्या बंदरात पडून डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा आकार) चढतोय. पण आकडा कबूल करण्याआधी आपल्या बँकेला लेखी विचारा, निर्यातीची किंमत कमी करायला तिची परवानगी लागते.