पंखा घरघरतोय? आधी आवाज नेमका कुठला ते बघ

नव्या पीसीतून घरघर येतेय ना, मग लगेच पॉवर सप्लायवर (पीसीला वीज पुरवणारा डबा, त्यालाही स्वतःचा पंखा असतो) खापर फोडू नकोस. पुठ्ठ्याची नळी कानाला लाव आणि दुसरं टोक एकेका पंख्याजवळ ने. आवाज कुठून येतोय ते लगेच कळतं. गेम सुरू केल्यावरच बारीक किणकिण येत असेल तर तो बहुतेक पंखा नाही, कॉइलचा (आतल्या तारेच्या वेटोळ्याचा) आवाज आहे.

टकटक असेल तर बहुतेक एखादी वायर पात्यांना घासतेय. माझ्याकडे केबल-टायचं न कापलेलं शेपूट जाळीतून आत गेलं होतं, दोन दिवस डोकं खाल्लं त्याने! घूं-घूं असेल तर सप्लायचे मागचे चार स्क्रू आवळ. सप्लाय तळाशी, पंखा खाली तोंड करून असेल आणि कॅबिनेट गालिच्यावर, तर हवाच मिळत नाही. खाली फळी सरकव.

एवढं करूनही खरखर राहिली तर बहुतेक सप्लायच्या पंख्याचं बेअरिंग (ज्यावर तो फिरतो तो भाग) गेलंय. सप्लाय उघडायचा मात्र नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) ३०० व्होल्टच्या वर विजेचा दाब राहू शकतो, आणि वॉरंटीही जाते. आवाजाचा व्हिडिओ काढ, बिल घे आणि दुकानदाराकडून बदलून माग.