अकॉस्टिक गिटारला अंडरसॅडल पिकअप घरी बसवता येतो का, की दुकानातच द्यावी? खर्च किती येतो?

येतो. (सॅडल म्हणजे गिटारीच्या पोटावर तारा टेकतात ती छोटी पट्टी, अंडरसॅडल पिकअप म्हणजे तिच्याखाली बसणारी, आवाज पकडणारी पट्टी.) मी बसवलाय, म्हणजे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा दुकानातच दिली होती आणि तुमचा प्रश्न वाचून ते सगळं परत डोक्यात गेलं, त्यामुळे जरा लांबेल.

२०१४ ची दिवाळी. आमच्या सोसायटीत दिवाळी पहाट, आम्ही चौघं, गाणारी एक, तबला, कीबोर्ड आणि मी. आदल्या वर्षी गिटारसमोर माईक लावला होता तर त्यात तबलाच जास्त आला, आणि जरा आवाज वाढवला की शिट्टी. म्हणून पिकअप. ऑनलाईन मागवला, पुण्यातल्या एका दुकानात बसवायला दिला, ६०० रुपये मजुरी, दोन दिवसांत गिटार हातात. घरी आणून नुसतीच वाजवली, जॅक न लावता, ही माझी चूक, कबूल. पहाटे सव्वासहाला स्टेजवर जॅक लावला आणि पहिली तार गायब. दुसरी अर्धीमुर्धी. बाकीच्या चार खणखणीत. आता आमच्या पहिल्याच गाण्याचा सुरुवातीचा पीस सगळा पहिल्या तारेवर, म्हणजे लोकांना दिसलं काय तर एक माणूस डोळे मिटून मान हलवतोय आणि वाजत काहीच नाहीये. साऊंडवाल्याने बिचाऱ्याने ट्रेबल चढवला तर नखांची टकटक पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी.

मग दुकानाच्या तीन चकरा. एकदा तारा बदलून दिल्या, बिल माझ्या माथी. एकदा "बघतो" म्हणून ठेवून घेतली, परत आली तेव्हा पहिली तार थोडी वर आली होती पण दुसरी पार गेली. तिसऱ्यांदा दुकानवाला म्हणाला, साहेब तुमच्या गिटारीचं लाकूडच तसंय. आणि आमचा कीबोर्डवाला म्हणाला, स्वस्तातला पिकअप घेतलास ना, भोग आता. हे वाक्य त्याने नंतर बरीच वर्षं वापरलं.

गिटार खुंटीला. पुढच्या श्रावणात मामा आले राहायला. मामा पिंपरीला टूलरूममध्ये फिटर होते, तीस वर्षं. गिटारीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. मी त्यांच्यासमोर तारा सैल करून सॅडल उपसला तर खाली पहिल्या तारेच्या बाजूला लग्नपत्रिकेची पट्टी घडी करून कोंबलेली! सोनेरी अक्षरांत "आमचे येथे श्रीकृपे" एवढं वाचता येत होतं. मामांनी सॅडल खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "हा हातात धरून घासलाय रे." मग टीपॉयची काच घेतली, मामीचं काजळ बोटाने त्यावर अगदी पातळ पसरलं, सॅडलचं बूड हलकेच टेकवून उचललं. सहाव्या तारेपासून तिसरीपर्यंत काळं, पुढे कोरं. टूलरूममध्ये निळा रंग लावून हेच करतात म्हणे. मला म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुमचं सगळं सपाटच असतं."

सगळा खेळ एवढाच आहे. पीझो, म्हणजे या पिकअपची पट्टी, दाबावर चालतो. तारेचा दाब सॅडलमधून खालच्या पट्टीवर जातो, बूड जिथे टेकत नाही तिथे दाब नाही, दाब नाही तर आवाज नाही. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी काढतात ती घोडीच्या वरच्या अंगाला, इथे कळ खालच्या अंगाला आहे आणि ती कोणी बघत नाही कारण ती दिसत नाही. पत्रिका घालून ती आणखी बिघडते, एका टोकाला उचललं की शेजारची तार हवेत.

तर घरी करताना. पिकअपची जाडी व्हर्निअरने मोजा, साधारण तेवढंच सॅडलच्या खालून काढायचंय, वरून नाही. जरा कमीच काढा, नंतर आणखी घासता येतं, परत चिकटवता येत नाही. सॅडलला १ मिमी कमी केलं की बाराव्या फ्रेटवर (दांडीवरची बारावी धातूची पट्टी) तार अर्धा मिमी खाली येते, हा हिशोब डोक्यात ठेवा. पॉलिश पेपर काचेवर चिकटवा, आधी २२० नंबरचा मग ४०० चा, आणि सॅडल एका सरळ लाकडी ठोकळ्याला टेकवून उभा घासा, हातात डुलला की झालंच दुकानासारखं. आम्ही जुना सपाट केला तेव्हा तो इतका खाली गेला की तारा फ्रेटवर झणझणायला लागल्या, मग हाडाचा नवा मागवला. हाड घासताना वास फार घाण येतो आणि भुकटी नाकात जाते, मास्क लावा. आणि श्रावणात घासू नका, मामी त्या गॅलरीत दोन दिवस आली नाही.

स्लॉटची, म्हणजे सॅडल बसतो त्या खाचेची, रुंदीही बघा, बहुतेक एक सूत म्हणजे ३.२ मिमी असतो, काहींचा २.४, पिकअप त्या मापाचा घ्या. सॅडल बोटाने दाबून आत जायला हवा, गिटार उलटी केली तर पडू नये, पण काढायला पक्कडही लागू नये. घट्ट बसला तर दाब खाली पोचण्याआधी कडेच्या भिंतींतच अडकतो.

वायरसाठी स्लॉटच्या टोकाला भोक पाडायचं, जरा तिरकं, म्हणजे वायर काटकोनात मोडत नाही. त्याआधी आत हात घालून किंवा मोबाईल सरकवून बघा की खाली ब्रेसिंगची, म्हणजे आतल्या आधाराची, पट्टी नाहीये ना. भोकाच्या काठावर कुसं राहिली तर तीही पिकअपला टोचतात, आमच्या दुकानवाल्याने ती तशीच ठेवली होती हेही सापडलं. मागे पट्ट्याच्या बटणाचं भोक जॅकसाठी १२ मिमी करावं लागतं, तिथे साधा ड्रिल बिट लावू नका, तो अडकून लॅकर उडवतो. टेपर रीमर (भोक हळूहळू मोठं करायचं निमुळतं हत्यार) हाताने फिरवा, सावकाश, कडेला मास्किंग टेप.

आणि प्रीअँपशिवायचा (प्रीअँप म्हणजे पिकअपचा सिग्नल मिक्सरला झेपेलसा करणारं छोटं सर्किट) पिकअप मिक्सरच्या लाईनमध्ये थेट घालू नका, पीझोला निदान १ मेगाओहमचं इनपुट लागतं, लाईनचं १० किलोओहमच्या आसपास असतं, बास सगळा गळून जातो आणि मग लोक पिकअपला शिव्या घालतात. जॅकमध्येच प्रीअँप असलेला मिळतो, ९ व्होल्टची बॅटरी. वाजवून झालं की केबल उपसून ठेवा, केबल आत म्हणजे बॅटरी चालू.

हां, गिटार महाग असेल किंवा वॉरंटीत असेल, नाहीतर सॅडल डिंकाने चिकटवलेला असेल तर माझं ऐकू नका, चांगला माणूस गाठा. सगळे दुकानवाले तसे नसतात. पावसाळ्यात फिटिंग करू नका, लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा जुळवलेलं माप उन्हाळ्यात बदलू शकतं.

खर्चाचं राहिलंच. पिकअपच्या आजच्या किमती तुम्हीच बघा, माझा वरचा खर्च म्हणजे हाडाचा सॅडल, पॉलिश पेपर आणि एक काजळाची डबी. पिकअप मात्र तोच, स्वस्तातला, २०१४ चा. गेल्या दिवाळीलाही तोच होता. पहिल्या तारेवरचा तो पीस संपल्यावर मी मुद्दाम कीबोर्डकडे बघितलं, तर हा वाकून पेडलची वायर चाचपत होता.