वडिलांकडचं धरत नाहीत म्हणे!

तुमची पोस्ट वाचली. धाकट्या आत्याला ४२ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, थोरली आत्या ‘पोटाच्या’ कॅन्सरने गेली, तुम्ही ३१ वर्षांच्या. आणि क्लिनिकमध्ये सांगितलं, “आईकडे कुणाला नाही ना? मग निवांत राहा.” हे वाक्य वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. अगदी हेच मला ३४ व्या वर्षी ऐकवलं होतं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. औषध-ऑपरेशनचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. गाठ कशी चाचपायची, मॅमोग्राफी म्हणजे काय, हे इथे शंभरदा लिहून झालंय, ते परत लिहीत नाही.

माझ्या आत्तेबहिणीला ३६ व्या वर्षी कॅन्सर निघाला म्हणून मी घाबरून एका तपासणी केंद्रात गेले होते. फॉर्मवर चार चौकटी होत्या: आई, बहीण, मुलगी, मावशी. आत्याला चौकटच नाही. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, आत्या आणि आत्तेबहीण कुठे लिहू? मान वर न करता म्हणाल्या, “वडिलांकडचं नाही धरत.” मी चारही ठिकाणी ‘नाही’ लिहिलं आणि खाली सही ठोकली. आतल्या डॉक्टरांनी फॉर्म बघून ‘फॅमिली हिस्टरी निल’ असा शेरा मारला, सोनोग्राफी केली, झालं. ते ‘निल’ मग पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत गेलं. पुढे कुठेही गेले की जुनी फाइल उघडायची, ‘निल’ वाचायचं आणि पुढचा प्रश्न विचारायचा. चार वर्षं.

३८ व्या वर्षी माझ्याच डाव्या बाजूला गाठ लागली. पावणेतीन सेंटिमीटर, ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या ज्यावर चालत नाहीत असा प्रकार. केमो सुरू झाल्यावर दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या जेनेटिक काउन्सेलर (वारशाने येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या) बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, कॅन्सर झालेला असेल तर काळा भरायचा, गेलेलं माणूस असेल तर तिरपी रेघ. आजी काळी (ती ‘छातीच्या गळवाने’ गेली असं घरात म्हणत), आत्या काळी, आत्तेबहीण काळी, खाली मी काळी. आणि या सगळ्यांना जोडणारा मधला बाबांचा चौकोन कोरा. बाबा तेव्हा ७१ वर्षांचे, रोज सकाळी टेकडी चढून येणारे. मी त्या चौकोनाकडे बघतच राहिले. पंधरा मिनिटांचं काम होतं हो ते! तपासणी केली तर बीआरसीए१ मध्ये म्युटेशन, म्हणजे ज्या जनुकातल्या बिघाडाने स्तनाचा आणि ओव्हरीचा (अंडाशयाचा) कॅन्सर होण्याची शक्यता वाढते त्यातच बिघाड. बाबांची केली, त्यांच्यातही तेच.

तर ताई, वडिलांकडचं धरतात. पूर्ण धरतात. बीआरसीए१ सतराव्या गुणसूत्रावर, त्याच्याच जोडीचं दुसरं जनुक बीआरसीए२ तेराव्या. ही गुणसूत्रं काही मुलगा-मुलगी ठरवणारी एक्स-वाय नाहीत, आई आणि वडील दोघांकडूनही सारखेच येतात. ज्याच्यात बिघाड आहे त्याच्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. पुरुषाला स्वतःला बहुतेक वेळा काही होत नाही, म्हणून त्या बाजूचं कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यातून वडिलांना बहीणच नसेल तर विचारूच नका.

त्या केंद्रात मी नंतर गेले होते. भांडायला नाही, निदान फॉर्म तरी बदला म्हणायला. उत्तर मिळालं, “मॅडम, फॉर्मवर सही तुमचीच आहे.” त्यावर आता बोलत नाही, बीपी वाढतं. चार वर्षं आधी कळलं असतं तर गाठ झालीच नसती असा माझा दावा नाही. पण म्युटेशन असलेल्या बाईला साधारण २५ पासून दरवर्षी एमआरआय आणि ३० पासून जोडीला मॅमोग्राफी सांगतात. मला यातलं काहीच कुणी सांगितलं नाही.

आता तुमचं. तुम्ही स्वतःची टेस्ट करायला निघालाय, तिथे जरा थांबा. माझं ठाम मत आहे की आधी धाकट्या आत्याची करा. ज्याला आजार झालाय त्याच्यात बिघाड सापडला, तर तुमच्यात नेमका तेवढाच शोधता येतो आणि तुमचा ‘नाही’ हा खरा ‘नाही’ ठरतो. थेट तुमची केली आणि निगेटिव्ह आली, तर घरात काही नव्हतंच की होतं पण तुमच्यात आलं नाही, हे कळणार कसं? आत्या तयार नसतील तर वडिलांची. आणि ऑनलाइन मागवायच्या किटच्या नादी लागू नका. त्यातली काही मोजकेच बदल तपासतात, बाकीचं राहून जातं. समोर माणूस बसलेलं हवं, कारण रिपोर्टमध्ये कधी ‘व्हीयूएस’ असं येतं, म्हणजे बदल आहे पण घातक की निरुपद्रवी ते अजून ठरलेलं नाही. त्या तीन अक्षरांवर कुणी ऑपरेशन सुचवलं तर तिथून उठा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं वेगळं क्लिनिक आहे, बाकी मोठ्या शहरांतही आता काउन्सेलर मिळतात.

सगळ्यांनीच टेस्ट करावी असं मात्र अजिबात नाही. स्तनाच्या कॅन्सरपैकी शंभरात पाच ते दहाच असे वारशाने आलेले. एका मावशीला सत्तरीत झाला म्हणून धावपळ करायला नको. तुमच्याकडे मात्र एकाच बाजूला दोघी आहेत.

तुम्ही विचारलंय, ‘बिघाड निघाला तर माणूस वाचत नाही का?’ होण्याची शक्यता आणि झाल्यावर वाचण्याची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होण्याची शक्यता खरंच मोठी. पाश्चात्त्य अभ्यासांत बीआरसीए१ असलेल्या शंभरजणींपैकी सुमारे ७० जणींना ऐंशीपर्यंत स्तनाचा आणि ४४ जणींना ओव्हरीचा कॅन्सर होतो असा अंदाज आहे. पण वाचण्याचं म्हणाल तर २०१८ मध्ये ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला, चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्या २७३३ जणींचा. दहा वर्षांनी बघितलं तर म्युटेशन असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या जगण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. शिवाय आता ओलापारिबसारख्या गोळ्या आहेत. म्युटेशनमुळे झालेल्या कॅन्सरच्या पेशींची डीएनए दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असते, गोळी दुसरी बंद करते. सगळ्यांना चालत नाहीत, पण त्या द्यायच्या की नाही हे ठरवायलाच हा रिपोर्ट लागतो.

ओव्हरीचा कॅन्सर होऊ नये म्हणून माझ्या ओव्हरी मी चाळिशीत काढून घेतल्या. रातोरात पाळी बंद, भर जानेवारीत पंखा, हाडांसाठी गोळ्या. सोपं नाही. २०१३ मध्ये अँजेलिना जोलीने कॅन्सर व्हायच्या आधीच दोन्ही स्तन काढून घेतल्याबद्दल लिहिलं तेव्हा डबा खाताना ‘हॉलिवूडची थेरं’ म्हणून हसणाऱ्यांत मीही होते. जनुक तेच निघालं, बीआरसीए१.

घरच्यांचंही सांगून ठेवते. “पोरींची लग्नं व्हायचीत, बाहेर बोलू नका,” हे येणारच. माझा भाऊ दीड वर्ष म्हणत होता, मी पुरुष, मला काय त्याचं. त्याला दोन मुली आहेत. शेवटी वहिनीनेच त्याला नेलं. मेडिक्लेम नसेल तर टेस्टच्या आधी घ्या, पण प्रस्तावात कुटुंबाचा इतिहास विचारला तर लपवू नका, क्लेमच्या वेळी अंगाशी येतं.

आणि तो थोरल्या आत्याचा ‘पोटाचा’ कॅन्सर. आपल्याकडे ओव्हरीला कुणी ओव्हरी म्हणत नाही, सगळं पोटच. ओव्हरीचा असेल तर तुमचं सगळं गणित बदलतं. बायोप्सीचा कागद हवा. आत्याच्या मुलाला आजच फोन करा, फाइल माळ्यावर आहे का बघायला सांगा. दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत गेली नसेल तर.