केल्टिक की सेल्टिक? आणि हा शब्द मुळात कुणाचा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: उच्चार केल्टिक की सेल्टिक, आणि शब्दाचा अर्थ काय. (केल्टिक म्हणजे प्राचीन युरोपातल्या केल्ट लोकांचं, किंवा आयरिश, वेल्श वगैरे भाषांच्या कुळातलं.) उच्चाराचं आधी सांगतो, कारण ‘सेल्टिक’ म्हणणाऱ्याला अडाणी ठरवणारे लोक मला मनापासून खटकतात.

ग्रीकांचा शब्द केल्टोई. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस या केल्टोईंना इ.स.पू. पाचव्या शतकात डॅन्यूबच्या उगमाशी नेऊन बसवतो. सीझरच्या लॅटिनमध्येही ‘सी’ म्हणजे ‘क’च, म्हणून केल्टाए. पुढे बोलीतल्या लॅटिनमध्ये इ आणि ए यांच्या आधीचा ‘क’ टाळूकडे सरकला. ‘माझा’ आणि ‘माझी’ मोठ्याने म्हणून पाहा. ईकारामुळे झ कसा बदलतो ते जिभेला कळेल. तसल्याच ओढीतून इटालियनमध्ये चेल्तिको झालं आणि फ्रेंचमध्ये सेल्तिक. इंग्रजांनी सतराव्या शतकात तो फ्रेंचांकडून सकारासकट घेतला. ‘क’ तिथे रुळला एकोणिसाव्या शतकात, जर्मन ‘केल्टिश’च्या वळणाने. म्हणजे इंग्रजीपुरता जुना उच्चार ‘स’चाच! ग्लासगोचा फुटबॉल क्लब (१८८७) आणि बोस्टनचा बास्केटबॉल संघ (१९४६) आजही तोच धरून आहेत. मराठीत लोक आणि भाषा यांच्यासाठी केल्टिक लिहा, संघांसाठी सेल्टिक. विषय संपला.

अर्थाचं मात्र इतकं सरळ नाही. सीझर म्हणतो, गॉलच्या (साधारण आजचा फ्रान्स) तीन भागांपैकी एका भागातले लोक स्वतःच्या भाषेत केल्टाए, आमच्या भाषेत गाल्ली. म्हणजे नाव त्यांचंच असावं. सीझरशी लढलेला गॉलचा सरदार व्हर्सिंगेटोरिक्स याच्या बापाचं नाव केल्टिल्लुस होतं, तेही याला पूरक. पण शब्दाचा मूळ धातू (क्रियेचं मूळ रूप) कुठला? उंच असणे, लपवणे, प्रहार करणे, अशी तीन मतं आहेत आणि एकही निर्णायक नाही. छातीठोकपणे एकच अर्थ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

त्याहून वाईट म्हणजे नावं सारखी दिसली की नातं जोडणं. इ.स.पू. २७८ च्या सुमारास अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानात) शिरलेले गॅलाटियन खरोखर केल्टिकभाषी होते. ‘गेल’ (आयरिश आणि स्कॉटिश गेलिक बोलणाऱ्यांचं नाव) मात्र गाल्लींवरून आलेला नाही. आयरिशांनी तो वेल्शकडून उचलला. स्पेनमधलं गॅलिसिया काल्लाएकी या टोळीवरून, पोलंड-युक्रेनकडचं गॅलिशिया हालिच या गावावरून. प्रागैतिहासिक कुऱ्हाडीला इंग्रजीत ‘सेल्ट’ म्हणतात, तो शब्द लॅटिन बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातल्या एका शब्दावरून, आणि तोही बहुधा ‘केर्ते’ (खात्रीने) चुकीचं वाचल्यामुळे जन्मलेला.

आता ज्यांना आज हमखास केल्ट म्हणतात ते आयरिश, वेल्श, स्कॉटिश: प्राचीन लेखक ब्रिटन आणि आयर्लंडच्या लोकांना हे नाव देत नाहीत. १७०३ मध्ये पेझरॉन या ब्रेतॉन (फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या) मठवासीने ब्रेतॉन आणि वेल्शचं नातं प्राचीन केल्टांशी जोडलं, १७०७ मध्ये ऑक्सफर्डच्या एडवर्ड लुइडने या भाषांची शास्त्रशुद्ध तुलना छापली. त्यानंतर हे लेबल बेटांवर चिकटलं. तीनशे वर्षांचं लेबल, आणि त्यावरून शुद्धतेच्या गप्पा!

हो, पुरातत्त्ववाले ऑस्ट्रियातल्या हालश्टाट आणि स्वित्झर्लंडमधल्या ला तेन इथल्या वस्तूंनाही केल्टिक म्हणतात. तो वस्तूंच्या शैलीचा प्रश्न. त्या वापरणारे कुठली भाषा बोलत, हे त्यावरून ठरत नाही.

आणि जुनं इटालियन वैद्यकीय पुस्तक चाळताना ‘मालात्तिए चेल्तिके’ दिसलं तर दचकू नका. तिथे त्याचा अर्थ गुप्तरोग.