मेणबत्त्या न लावता घर सुवासिक कसं ठेवावं?

तुमचा प्रश्न असा आहे: घरात रांगतं बाळ आहे, मांजर आहे, त्यामुळे मेणबत्ती पेटवायची नाही, पण दार उघडताच येणाऱ्याला प्रसन्न वाटलं पाहिजे. ज्या घरात पाऊल टाकल्यावर बरं वाटतं, त्या घराला बहुतेक वेळा कसलाच ठळक वास नसतो. नाकाला खटकणारं काही नसतं आणि त्यावर असलाच तर एखादा हलका सुवास असतो, एवढंच. म्हणून माझं निम्म्याहून जास्त उत्तर वास घालवण्याबद्दल आहे. सुवासाकडे शेवटी येतो.

पहिली अडचण म्हणजे आपल्या घराचा वास आपल्यालाच येत नाही. एकच वास येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याला सरावतं. म्हणून ‘मला तर काहीच येत नाही’ यावर विसंबू नका. लोक सुगंधी फवारे वाढवत नेतात तेही यामुळेच. स्वतःला येईनासा झाला की आणखी मारतात आणि पाहुण्याला दारातच ठसका लागतो. तुम्ही दोन-चार दिवस बाहेरगावी जाऊन परतलात की बॅगा खाली ठेवण्याआधी एक फेरी मारा. त्या पहिल्या काही श्वासांत जे कळतं ते नंतर महिनाभर कळत नाही. ते जमण्यासारखं नसेल तर तोंडावर बोलणाऱ्या एखाद्या मित्राला बोलवा आणि सरळ विचारा. गोड बोलणाऱ्यांचा इथे उपयोग नाही.

आता वासाची ठिकाणं. माझ्या अनुभवात संशय घ्यायची पहिली जागा म्हणजे पाणी वाहून जाण्याची वाट. बेसिनखाली वळवलेला पाइप असतो, बाथरूमच्या जाळीखाली ट्रॅप असतो. त्यात थोडं पाणी कायम साचून राहावं अशीच त्याची रचना असते. ते पाणी गटाराकडची हवा अडवतं. पाहुण्यांचं बाथरूम महिनोन् महिने वापरलं गेलं नाही की ते पाणी उडून जातं आणि मैल्याचा वास थेट घरात येतो. यावर फवारा मारणं व्यर्थ आहे. तांब्याभर पाणी ओता, झालं. आठवड्यातून एकदा ओतत राहा. पाणी असूनही वास येत असेल तर जाळी उचला. तिच्या खालच्या बाजूला केस आणि साबणाचा राखाडी, बुळबुळीत थर चिकटलेला दिसेल. तो हातमोजे घालून ब्रशने खरवडूनच काढावा लागतो.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायची टूम फार लोकप्रिय आहे, पण तो फेस म्हणजे दोघांनी एकमेकांना निकामी केल्याचा पुरावा. आम्ल आणि अल्कली मिसळले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे खारट पाणी उरतं. फेसाच्या उकळीने वरवरचा मळ थोडाफार हलतो, पण त्यापेक्षा घासणी बरी. आणि ब्लीच वापरणार असाल तर त्यात व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. घरात बाळ आहे म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

दुसरी जागा म्हणजे ओलं कापड. भांडी पुसायचं फडकं, स्पंज, दारातलं पायपुसणं, दाराआड टांगलेला टॉवेल. घरातला तो ओळखीचा कुबट वास बरेचदा यांचाच असतो. धुऊनही कपड्यांना येणाऱ्या आंबूस वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो, हे २०१२ साली जपानी संशोधकांनी दाखवलं. कोमट पाण्याच्या धुण्यात तो पुरता मरत नाही आणि कपडा ओला राहिला की पुन्हा वाढतो. त्यामुळे सुगंधी फॅब्रिक कंडिशनर ओतण्यापेक्षा कपडा लवकर वाळवणं महत्त्वाचं. धुणं मशीनमध्ये रात्रभर तसंच ठेवू नका. पुढून उघडणारं मशीन असेल तर दाराभोवतीची रबराची घडी बोटाने उलटून बघा. तिथे पाणी, धागे आणि काळे ठिपके सापडतील. ती घडी पुसायची, महिन्यातून एकदा रिकामं मशीन सर्वांत गरम पाण्यावर फिरवायचं आणि एरवी दार किलकिलं ठेवायचं. फक्त घरात मांजर आणि रांगतं मूल असताना उघड्या मशीनवर लक्ष हवं. दोघांनाही ती जागा लपायला फार आवडते. लक्ष ठेवणं शक्य नसेल तर घडी कोरडी पुसून दार बंद ठेवलेलं बरं.

सोफा, पडदे, गालिचा, गादी. मऊ वस्तू वास शोषतात आणि खोली तापली की परत सोडतात. ‘खोली तर स्वच्छ आहे, मग दुपारीच वास का येतो?’ याचं उत्तर बहुधा इथे असतं. सोफ्याच्या कापडावर कोमट पाण्यात पिळलेलं पांढरं फडकं मिनिटभर दाबून धरा आणि मग त्या फडक्याचा वास घ्या. सोफ्याचा खरा वास त्यात उतरलेला असतो, आणि फडक्याचा रंगही बरंच काही सांगतो. उशांचे अभ्रे आणि पडदे धुवा. जे धुता येत नाही त्यावर खायचा सोडा भुरभुरवून काही तास ठेवा आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. त्या वेळेपुरतं बाळ आणि मांजर दुसऱ्या खोलीत असू द्या. गादी उन्हात टाकता आली तर उत्तमच; नाही तर निदान सकाळी उठल्यावर अंथरूण लगेच आवरू नका. रात्रभराचा घाम आणि दमटपणा तासभर उडू द्या, मग आवरा.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात. चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन फोडणीच्या वेळी नव्हे, गॅस पेटवायच्या आधीच सुरू करायचा आणि काम संपल्यावरही पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा. जाळीवरचं तेल जुनं होऊन खवट झालं की रोजचा स्वयंपाक कितीही साधा असो, घराला जुन्या तळणीचा वास येतो. ती जाळी गरम पाण्यात आणि भांड्याच्या साबणात भिजवून धुवा. माशांच्या वासाची गोष्ट वेगळी. तो ट्रायमिथिलअमाइनचा असतो आणि हा पदार्थ अल्कली स्वभावाचा, म्हणून ओटा, चिरायची फळी आणि हात लिंबाने किंवा व्हिनेगरने पुसले की तो खरोखर जातो, नुसता झाकला जात नाही. कचऱ्याच्या डब्यात पिशवी बदलतो आपण, पण डबा धुतो का? पिशवीखाली साचलेला तो चहाच्या रंगाचा थेंबभर रस सगळं घर नासवतो.

मांजराची वाळू रोज उपसायची, यात सवलत नाही. चुकून कुठे बाहेर लघवी केली असेल तर एन्झाइम असलेला क्लीनर आणा आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ तो मुरू द्या. मांजराच्या लघवीतलं युरिक अॅसिड पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून साध्या पुसण्याने वास गेल्यासारखा वाटतो आणि हवा दमट झाली की परत येतो. तिथे अमोनियाचा क्लीनर वापरलात तर मांजराला ती जागा अधिकच आपली वाटेल.

एवढं करूनही कुबटपणा राहिला तर दमटपणा तपासा. हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहायला हवा, ३० ते ५० असेल तर छानच. ओल्या राहिलेल्या गालिच्यावर किंवा भिंतीवर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू शकते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा म्हणजे मागे हवा खेळेल. पाइप गळत असेल तर आधी तो दुरुस्त करा. बुरशीवर अत्तर शिंपडून काही होत नाही.

आणि खिडक्या! समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटं उघडल्या तर जे होतं ते एकच खिडकी दिवसभर उघडी ठेवून होत नाही. हवेला आत यायला वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. समोर खिडकी नसेल तर एका खिडकीशी पंखा बाहेर तोंड करून ठेवा. कुंड्यांवर मात्र फार भिस्त नको. नासाने १९८९ मध्ये बंद पेट्यांत केलेल्या प्रयोगावरून ‘झाडं घरातली हवा शुद्ध करतात’ हे पसरलं. पुढे २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी असे बरेच प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा नेहमीच्या इमारतीत जेवढी हवा आपोआप बदलते तेवढं काम करायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजारापर्यंत झाडं लागतील असा हिशोब निघाला. झाडं लावा, डोळ्यांना बरी वाटतात म्हणून. वास शोषायला कपाटात किंवा बुटांच्या कप्प्यात अॅक्टिव्हेटेड कार्बनच्या, म्हणजे खास प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या पुड्या ठेवा. त्याच्या एका ग्रॅमच्या पोटात शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो. साध्या कोळशाला ती सर नाही.

आता सुवास. मला सर्वांत आवडतो तो पातेल्याचा उपाय. पाण्यात संत्र्याची किंवा लिंबाची सालं, दालचिनीचा तुकडा, दोन-तीन लवंगा टाकून अगदी मंद आचेवर ठेवायचं. आधी सालीचा टवटवीत वास येतो, पण तो हलका असल्याने लवकर उडतो. मग दालचिनी आणि लवंग वर येतात आणि तासभर टिकतात. म्हणून पाहुणे यायच्या थोडं आधी ताज्या साली पुन्हा टाकायच्या. पाणी आटू देऊ नका, पातेलं मागच्या शेगडीवर ठेवा म्हणजे बाळाचा हात पोचणार नाही, आणि खोलीतून बाहेर जाताना गॅस बंद. अर्ध्या तासात काम झालेलं असतं, तेवढं पुरे.

बाजारात इसेन्शियल ऑइलचे (वनस्पतींच्या सुगंधी अर्काचे) डिफ्यूझर, म्हणजे तो सुवास हवेत सोडणारी साधनं सर्रास मिळतात, पण तुमच्या घरात मांजर असल्याने मी ते टाळायला सांगेन. अशी तेलं पचवून बाहेर टाकायला यकृतात जी यंत्रणा लागते ती मांजरात दुबळी असते. टी ट्री, निलगिरी, पुदिना, लिंबूवर्गीय तेलं त्यांना बाधू शकतात. हवेत उडालेले तुषार अंगावर बसतात आणि मांजर ते चाटतं. ज्यात वेताच्या काड्या सुगंधी तेलात उभ्या असतात ती बाटली तर मांजर हमखास पाडतं, आणि तेच तेल मुलाच्या तोंडात जायची भीती वेगळी. फुलं ठेवायची झाली तर लिली घरात आणूच नका. खऱ्या लिलीचा नुसता परागही अंगावरून चाटला गेला तरी मांजराच्या किडन्या निकामी होऊ शकतात. त्याऐवजी गुलाब ठेवा, आणि पाणी रोज बदला, नाही तर तिसऱ्या दिवशी फुलदाणीलाच गटाराचा वास येतो.

प्लगमध्ये लावायचे फ्रेशनर मला मुळातच पटत नाहीत. त्यांतल्या बऱ्याच सुगंधांत लिमोनीन हे लिंबूवर्गीय वासाचं रसायन असतं. ते हवेतल्या ओझोनशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइड आणि सूक्ष्म कण तयार करतं. थोड्या प्रमाणात कुणी आजारी पडेल असं नाही, पण बंद खोलीत चोवीस तास ते चालवण्यात काय हशील? ‘हवा शुद्ध करणारं’ म्हणून विकलं जाणारं ओझोन सोडणारं यंत्र मात्र अजिबात घेऊ नका.

एक गोष्ट सुगंधाशी संबंधित नाही, पण सांगायला हवी. कारण नसताना भिंतीतल्या सॉकेटजवळ मासळीसारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल तर तो तापलेल्या वायरिंगचा असू शकतो. सॉकेटला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, खिडक्या उघडा, सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह बंद करून बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा.

पाहुणे येणार त्या दिवशीचा क्रम असा ठेवा: दोन तास आधी कचरा बाहेर, वाळू उपसलेली, ओली फडकी दोरीवर. मग समोरासमोरच्या खिडक्या दहा-पंधरा मिनिटं. त्यानंतर पातेलं, अर्धा तास. दारातलं पायपुसणं आणि बुटांची जागा मात्र विसरू नका, कारण पाहुण्याचं नाक सर्वांत ताजं असतं ते तिथेच.